एकांडे शिलेदार – भाग ६ : दोन रात्रींची झुंज

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला एक ब्रिटिश खासदार हजर होते. कर्नल जोसाया वेजवुड, लाला लजपतरायांचे स्नेही. तोवर ते मजूर पक्षात गेले होते. पण त्यांची जडणघडण लिबरल पक्षातली, आणि स्वपक्षाच्या सरकारशी त्यांनी दिलेली सर्वांत मोठी झुंज १९१३ ची.

चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवुड घराण्यात १८७२ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षण जहाजबांधणीचे. बोअर युद्धात ते तोफखान्यात होते, नंतर ट्रान्सवालमध्ये मॅजिस्ट्रेट. पुढे त्यांनी अमेरिकी अर्थचिंतक हेन्री जॉर्ज वाचला आणि ते कायमचे त्या विचाराचे झाले. जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने नाही, भोवतालच्या समाजामुळे वाढते. म्हणून कर जमिनीच्या मूल्यावर बसवा, माणसाच्या श्रमावर नको. हा विचार घेऊन १९०६ मध्ये ते न्यूकॅसल-अंडर-लाइममधून निवडून आले आणि तो मतदारसंघ त्यांनी ३६ वर्षे राखला.

१९१३ साली सरकारने मतिमंदांविषयीचे विधेयक आणले. त्यामागे सुप्रजननवाद्यांचा, म्हणजे कोणी मुले जन्माला घालावीत हे ठरवून वंश ‘सुधारू’ पाहणाऱ्यांचा, मोठा रेटा होता. गरिबांच्या मदतनिधीवर असताना लग्नाविना मूल झालेली बाई मतिमंद ठरवली गेली, तर तेवढ्यावर तिला संस्थेत डांबता येणार होते. गुन्हा नाही, ठरावीक मुदतीची शिक्षा नाही, तरी माणूस वर्षानुवर्षे आत. दोन्ही बाजूंच्या बहुतेक सदस्यांना हे पुरोगामी पाऊल वाटले. वेजवुडना त्यात तज्ज्ञांच्या हाती दिलेली तुरुंगाची किल्ली दिसली.

ते विधेयकाविरुद्ध उभे राहिले: सुमारे २०० दुरुस्त्या, लागोपाठ दोन रात्री, जवळपास दीडशे भाषणे. पोटात आधार चॉकलेटचा. सुप्रजनन संस्थेचे अध्यक्ष लेनर्ड डार्विन वेजवुडांचे नातलगच, कारण लेनर्ड यांच्या आई, म्हणजे चार्ल्स डार्विन यांच्या पत्नी एमा, वेजवुड घराण्यातल्या. पण वेजवुडनी नाती पाहिली नाहीत, पक्षही पाहिला नाही. अखेरच्या मतदानात विरोधात पडली फक्त तीन मते.

विधेयक मंजूर झाले, त्यामुळे ही लढाई वाया गेली असे म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. हा कायदा १९५९ पर्यंत टिकला आणि हजारो माणसांचे आयुष्य बंद दारांआड गेले. ते घडण्याआधी, प्रत्येक कलमावर उभे राहून, हे चूक आहे असे बजावणारा एक माणूस कॉमन्स सभागृहात होता, आणि त्याचे म्हणणे तिथल्या कामकाजात नोंदले गेले. संसदेतला विरोधी आवाज आकड्यांवर जोखणे मला म्हणूनच अपुरे वाटते.

वर्षभरात महायुद्ध पेटले. वेजवुड गॅलिपोलीत लढले, जखमी झाले आणि परतल्यावर मेसोपोटेमियातल्या भारतीय फौजेच्या हालांची चौकशी करणाऱ्या आयोगावर नेमले गेले. १९१७ च्या अहवालात त्यांनी बाकीच्या सदस्यांपासून फारकत घेऊन स्वतःचे वेगळे निवेदन जोडले. पुढच्या आठवड्यात त्याच निवेदनाविषयी.