कोरड्या ओढ्यांवरचे लाकडी पूल

कॅलिफोर्नियात बार्स्टोहून नीडल्सकडे जाणारा जुना रस्ता मोहावी वाळवंट ओलांडतो. एके काळचा रूट ६६ तो हाच. १९२६ साली शिकागो ते लॉस एंजेलिस असा ठरलेला हा महामार्ग आठ राज्यांतून साधारण ३,९०० किलोमीटर जात असे. वाळवंटाच्या या पट्ट्यात १९७३ मध्ये इंटरस्टेट ४० सुरू झाला आणि इथली वर्दळ तिकडे वळली. १९८५ मध्ये रूट ६६ हा क्रमांकच सरकारी यादीतून निघाला. रस्ता मात्र राहिला. सॅन बर्नार्डिनो काउंटी आज तो नॅशनल ट्रेल्स हायवे या नावानं सांभाळते. त्यावर शंभराहून अधिक लाकडी पूल आहेत, बहुतेक १९३० च्या आगेमागे बांधलेले, आणि त्यांचं आयुष्य आता संपत आलंय.

इथे वर्षाला पाऊस पडतो जेमतेम शंभर मिलिमीटर. मग एवढे पूल हवेत कशाला?

वाळवंटातला पाऊस रोज थोडाथोडा पडत नाही. जुलै ते सप्टेंबरमध्ये एखाद्या दुपारी डोंगरावर ढग जमतात आणि तासाभरात वर्षाच्या हिश्शाचा बराचसा पाऊस कोसळतो. उतारावर गवत नाही, माती भाजून टणक झालेली, त्यामुळे पाणी मुरत नाही. दगडगोटे आणि वाळू घेऊन खाली धावतं. डोंगराच्या पायथ्याशी हा गाळ पंख्यासारखा पसरतो आणि त्यावरून पाणी अनेक फाट्यांनी वाहतं. या फाट्यांची पात्रं कायमची नसतात. या वर्षी इथून गेलेला ओढा पुढच्या पुरात पन्नास मीटर पलीकडून जाऊ शकतो. रस्ता या उताराला आडवा जातो, म्हणजे प्रत्येक फाट्याला कुठे ना कुठे तोंड द्यावंच लागतं.

त्या काळच्या इंजिनिअरांनी यावर काढलेला तोडगा आजही पाहण्यासारखा आहे. रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला त्यांनी मातीचे लांब, तिरके बांध घातले. पसरून येणारं पाणी बांधाला लागतं, बांधाच्या कडेनं सरकतं आणि पुलाच्या तोंडाशी येतं. म्हणजे पूल जिथे ओढा होता तिथे बांधला, असं प्रत्येक ठिकाणी झालेलं नाही. बऱ्याच ठिकाणी पूल बांधून ओढा तिथे आणला आहे. मला या साऱ्या कामातली खरी अक्कल पुलांत नाही, या बांधांत दिसते. बांध फुटला की पाणी पूल सोडून सरळ रस्त्यावर येतं, डांबराची कड कुरतडतं आणि भराव नेतं. अँबॉय गावाजवळ याच बांधांवर प्रवासी दगड मांडून आपली नावं लिहितात. हौस समजू शकते, पण त्यासाठी बांधावर चढउतार करून तो ढासळवण्यात काही शहाणपण नाही.

आता पुलाकडे. जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांची एक रांग, खांबांच्या डोक्यावर आडवी तुळई, अशा दोन रांगांमध्ये पाच-सहा मीटरांचं अंतर. तुळयांवर लांबीच्या दिशेनं जाड वासे आणि त्यांच्यावर उभ्या कडेवर ठेवून एकमेकींना खिळलेल्या फळ्यांचा तक्ता. सगळ्यात वर डांबर, दोन्ही बाजूंना लाकडी कठडे. पुलाखालचे खांब क्रिओसोट हे डांबरापासून काढलेलं काळं तेल पाजलेले असतात, म्हणजे बुरशी आणि वाळवी लवकर लागत नाही. लाकडाचा पूल सुट्या भागांत आणता येतो, सिमेंट कालवायला पाणी लागत नाही, मोठी यंत्रं लागत नाहीत. १९३० सालच्या वाळवंटात हा हिशेब अगदी बरोबर होता.

कोरड्या हवेत लाकूड टिकतं हे खरं, पण अर्धंच. उन्हानं लाकूड आकसतं, त्याला लांब चिरा पडतात, बोल्ट सैल होतात. चिरा तेल मुरलेल्या थराच्या आत, कच्च्या गाभ्यापर्यंत जातात आणि क्वचित येणारं पाणी तिथेच साठतं. खांब सडतो तो बहुधा जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वरून दर डागडुजीला डांबराचा आणखी एक थर चढत गेला, म्हणजे पूल म्हातारा होत असताना त्याच्या पाठीवरचं ओझंही वाढलं. ट्रकही आता १९३० सालचे राहिलेले नाहीत. सगळ्यांत वाईट म्हणजे पूर खांबाच्या बुडाशी भोवरे करून वाळू उपसतो. पूर ओसरताना तोच खड्डा गाळानं भरतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. खांबाची पकड मात्र गेलेली असते.

हे ओळखायचं कसं? अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली. त्यानंतर पुलांच्या ठरावीक तपासणीचा देशव्यापी नियम आला आणि साधारण दर दोन वर्षांनी तपासणी होऊ लागली. लाकडाची पहिली परीक्षा अजूनही हातोडीची. ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर लाकूड धड, बद्द आला तर आत पोकळ. शंका आली की बारीक भोक पाडून सुई किती सहज आत जाते ते पाहतात. मग हिशेब करून वजनाची मर्यादा ठरते आणि पाटी लागते. त्यानंतर ट्रक बंद, आणखी खालावला तर पूलच बंद. २०१४ आणि २०१७ च्या पुरांनंतर या रस्त्याचे मोठे तुकडे वर्षानुवर्षं बंद राहिले ते असेच.

पैशाचं गणित वेगळंच. केंद्राच्या व्याख्येत पूल म्हणजे २० फुटांहून, सुमारे सहा मीटरांहून, अधिक लांबीचा. त्याहून छोटा असेल तर पुलांसाठीच्या नेहमीच्या केंद्रीय निधीच्या दारात त्याला उभं राहणं अवघड. सॅन बर्नार्डिनो काउंटी ५२,००० चौरस किलोमीटरांची. एवढ्या पसाऱ्यात, फारशी वस्ती नसलेल्या रस्त्यावरच्या छोट्या पुलांचा नंबर कधी लागणार, हे सांगायला नको.

बदलायचं ठरलं तरी काय बांधायचं हा प्रश्न उरतोच. सर्वांत स्वस्त म्हणजे पूल काढून रस्ता ओढ्याच्या पात्रात उतरवणं, आपल्याकडच्या फरशीसारखं. पूर आला की रस्ता बंद, गेला की गाळ उपसा. पण त्यानं रस्त्याची मूळ पातळी आणि पुलांची ठरावीक अंतरानं येणारी मालिका दोन्ही जातात. काँक्रीटची मोरी टिकाऊ, पण तिची तोंडं दगडगोट्यांनी आणि झुडपांनी तुंबतात. राहतो तो ठेंगणा काँक्रीटचा पूल: खांबांच्या रांगा कमी, पाणी जायला जागा जास्त, पाया पुरानं उपसता येईल त्याहून खोल.

मग येतो इतिहास. १९६६ च्या वारसा जतन कायद्याच्या १०६ व्या कलमानुसार, केंद्राचा पैसा किंवा परवाना लागणाऱ्या कामानं ऐतिहासिक वास्तूला धक्का बसणार असेल तर राज्याच्या वारसा अधिकाऱ्याशी सल्लामसलत करावी लागते. आधी धक्का टाळता येतो का पाहायचं, नाहीतर कमी करायचा, तेही जमलं नाही तर भरपाई. भरपाईचा एक प्रकार म्हणजे पाडण्याआधी पुलाची मोजमापं, नकाशे आणि छायाचित्रं काढून कायमची नोंद ठेवणं. २०१८ मध्ये तिथल्या नॅशनल ट्रस्ट या वारसा संस्थेनं रूट ६६ सर्वाधिक धोक्यात आलेल्या ठिकाणांच्या यादीत घातला, त्यामुळे नजर आणखी तीक्ष्ण झाली.

खरी कुचंबणा कठड्याची. प्रवाशाला गाडीतून पूल दिसतो तो कठड्यापुरताच. खालचे खांब पाहायला कोण उतरतं? आणि जुना लाकडी कठडा आजच्या टक्कर-चाचणीत टिकत नाही. म्हणून आत पोलाद किंवा काँक्रीट आणि दर्शनी भागाला लाकूड, किंवा चाचणी उत्तीर्ण झालेला जाड लाकडाचा कठडा, असे मार्ग काढतात. काही जाणकारांना हा देखावा वाटतो. मला वाटत नाही. हा रस्ता लाकडामुळे ऐतिहासिक झालेला नाही, त्यावरून माणसं गेली म्हणून झाला. १९३० च्या दशकात दुष्काळानं उठलेली ओक्लाहोमाकडची शेतकरी कुटुंबं याच वाटेनं कॅलिफोर्नियात आली. बंद रस्त्यावरचा अस्सल पूल कोणाच्या कामाचा?

प्रत्यक्ष काम पावसाळी ढगांचे महिने टाळून बसवावं लागतं. कोरडा असला तरी कॅलिफोर्नियाच्या कायद्याला ओढा तो ओढाच, त्याच्या पात्रात काम करायला परवानगी लागते. वाळवंटी कासव १९९० पासून केंद्राच्या संरक्षित यादीत आहे, म्हणून जीवशास्त्रज्ञ जागेवर हजर असतो. उभी गाडी हलवण्याआधी तिच्याखाली कासव सावलीला बसलेलं नाही ना, हे वाकून पाहायचं. डब्यातलं उष्टंही झाकून ठेवायचं, कारण त्यावर आलेले डोमकावळे कासवांची पिल्लं उचलतात. तेल पाजलेलं जुनं लाकूड घातक कचरा ठरू शकतं, ते शेकोटीत घालता येत नाही. काँक्रीट रात्री किंवा पहाटे ओततात, नाहीतर उन्हात ते मुरण्याआधीच तडकतं. शेवटी बांधांची दुरुस्ती. ती राहिली तर नव्या पुलाखालून पाणी जाणारच नाही, शेजारून जाईल. त्यात २०१६ पासून भोवतालचा मोठा प्रदेश मोहावी ट्रेल्स राष्ट्रीय स्मारकात गेला आहे, तेव्हा रस्त्याच्या हद्दीपलीकडे फावडं मारायचं तर आणखी एका खात्याची संमती.

लॉस एंजेलिसला मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे जाणाऱ्यांना अँबॉयचा १९३८ सालचा 'रॉइज' हा रस्त्यालगतचा जुना थांबा आणि त्याची उंच पाटी पाहायची इच्छा असतेच. जरूर जा. फक्त निघण्याआधी कोणता तुकडा बंद आहे ते काउंटीच्या सूचनांत पाहा, पेट्रोल आणि पाणी भरून घ्या, बंदचा अडथळा दिसला तर वळसा घालून आत शिरू नका आणि डोंगरावर काळे ढग दिसले तर इंटरस्टेट ४० धरा.