कपबशीच्या पाच मात्रा

पूर्णा तालुक्यातल्या आमच्या ताडकळसला ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की भोंग्याची रिक्षा गल्लीबोळातून फिरते. चाल गाजलेल्या सिनेमागीताची, शब्द उमेदवाराचे. लोक त्याला सरसकट विडंबन म्हणतात. मला ते पटत नाही. तिथं चाल उसनी घेतलेली असते, मूळ गाण्याशी देणंघेणं काहीच नसतं. त्यात मात्रांची ओढाताण. ‘कपबशी’ या निवडणूक चिन्हात पाच मात्रा, ‘बाळासाहेब’ या नावात नऊ. आठ मात्रांच्या जागेत बाळासाहेब कोंबले की गाणारा शेवटचं अक्षर गिळतो, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष शब्दांवरून उडतं.

विडंबनात कानाला दोन गाणी एकदम ऐकू यावी लागतात. केशवकुमार, म्हणजे आचार्य अत्रे, यांना हे नेमकं साधलं. ‘झेंडूची फुले’ हा त्यांचा विडंबनांचा संग्रह 1925 सालचा. दोनच वर्षांपूर्वी पुण्यात कवींचं रविकिरण मंडळ सुरू झालं होतं, आणि त्या काळच्या कवितेतला गहिवर वाचकांच्या चांगला ओळखीचा होता. अत्र्यांनी तो गहिवर जसाच्या तसा ठेवला, फक्त माणूस बदलला. ‘परीटास’मध्ये विरहाची सगळी आर्तता आहे, पण वाट पाहायची ती कपडे नेलेल्या परटाची! वृत्त कुठं अडखळत नाही. राम गणेश गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या या माणसाला गंभीर कविताही लिहिता येत होती. ‘आजीचे घड्याळ’ त्यांचंच. ज्याला मूळ गाणं मनापासून आवडतं, त्यालाच त्याची नक्कल साधते असं माझं ठाम मत आहे. नुसत्या रागातून लिहिलेलं विडंबन शिवीगाळीवर उतरतं.

त्या संग्रहातल्या बऱ्याच कवितांची मूळं आज वाचकाला आठवत नाहीत. म्हणून त्यांतलं हसू उणावलं. ‘प्रेमाचा गुलकंद’ मात्र टिकला, कारण रोज दिलेल्या गुलाबांचा गुलकंद झाला ही गोष्ट मूळ कवितेवाचूनही कळते.

वामनदादा कर्डकांनी 1943 साली लिहिलेलं पहिलं गीत हिंदी सिनेमागीताचं विडंबन होतं. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं जुळवायला शिकलेला हा माणूस. ओळखीच्या चालीमुळं शब्द बसवायचा सराव झाला असणार. पुढं त्यांनी आंबेडकरी चळवळीसाठी उभं आयुष्य गाणी लिहिली. भोंग्याच्या रिक्षेपासून त्यांच्या पहिल्या गाण्यापर्यंतचं अंतर चालीत मोजता येत नाही. ज्याला काही सांगायचंच असतं, त्याच्या हाती उसनी चालही कामाची ठरते.

आपल्याकडं हळदीच्या रात्री नवरदेवावर, विहिणीवर अशाच उसन्या चालींत रचलेली गाणी सकाळी विसरली जातात. भजनी मंडळातल्या, जयंतीच्या कार्यक्रमातल्या जाणत्यांना माझी विनंती आहे : ती वहीत उतरवा, आणि प्रत्येकावर मूळ गाण्याचं नाव जरूर लिहा. वीस वर्षांनी ते वाचणाऱ्याला चाल सापडली पाहिजे.