बाळंतिणीचे पोट आणि घरची निगा

बाळ चार-पाच महिन्यांचे होते, आईच्या अंगात ताकद येते, तरी पोट काही आत जात नाही, ही तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. ‘पुन्हा दिवस गेले की काय?’ असे एखादी शेजारीण सहज विचारून जाते. ‘पट्टा नीट बांधला नाही, त्याचे हे फळ,’ असा निर्वाळा घरातील वडीलधारी मंडळी देतात. आई मात्र मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत राहते. वस्तुतः यात तिच्या हयगयीचा प्रश्न नसतो. पुष्कळदा पोटाच्या पुढच्या बाजूचे दोन स्नायू एकमेकांपासून दूर सरलेले असतात, आणि पोट पुढे दिसण्याचे ते एक मोठे कारण असते.

बरगड्यांपासून जांघेच्या हाडापर्यंत पोटाच्या मध्यभागी हे दोन उभे स्नायू शेजारी-शेजारी असतात. त्यांना जोडणारी चिवट तंतूंची पट्टी मधोमध असते. गर्भ वाढू लागला की ही पट्टी ताणून रुंद व पातळ होते आणि स्नायू दोन्ही बाजूंना सरकतात. वाढत्या जिवाला जागा करून देण्याची ही निसर्गाचीच योजना होय. हर्नियात जसे छिद्र पडते तसे येथे पडत नाही. काही फाटलेलेही नसते.

ही गोष्ट किती सर्वसाधारण आहे हे नॉर्वेतील एका पाहणीवरून दिसते. प्रथमच आई झालेल्या ३०० स्त्रियांची ही पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी शंभरांपैकी ६० जणींत ही फट आढळली. सहा महिन्यांनी ४५ जणींत, तर वर्षाने सुमारे ३३ जणींत. म्हणजे पुष्कळ जणींची फट हळूहळू आपोआप भरून येते. शिवाय वर्षानंतर फट असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांत कंबरदुखीचे प्रमाण सारखेच निघाले.

फट घरच्या घरी पाहता येते. उताणे निजून गुडघे वाकवावेत, बोटांची टोके बेंबीवर आडवी टेकवावीत आणि डोके व खांदे किंचित उचलावेत. दोन्ही कडा बोटांना लागतील. बेंबीच्या थोडे वर व थोडे खाली हीच तपासणी करावी. अंतर दोन बोटांहून अधिक भरल्यास स्नायू विलग झाले आहेत असे सामान्यतः समजावे.

बाळंतिणीचे पोट बांधण्याची चाल बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंतच्या मराठी घरांत जुनी आहे. पट्ट्याने आधार वाटतो, शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास उठता-बसता वेदनाही कमी होतात. परंतु पट्टा स्नायूंचे काम स्वतः करतो. तो त्यांना ते शिकवीत नाही. तो फार आवळला तर पोटातील दाब खाली, ओटीपोटाच्या तळाकडे ढकलला जातो.

खरा पट्टा शरीरातच आहे. पोटाला वेढून असणारा एक आडवा स्नायू खोलवर असतो. त्याला जागे करावे. गुडघे वाकवून उताणे निजावे. श्वास घेताना पोट सैल सोडावे. श्वास सोडताना बेंबी हलकेच कण्याकडे ओढावी आणि लघवी रोखताना आवळतात ते स्नायूही वर ओढावेत. श्वास कोंडू नये. असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावे. हे साधले की त्याच स्थितीत एकेक टाच जमिनीवरून सावकाश पुढे सरकवून मागे घ्यावी. व्यायाम करताना पोटाच्या मधोमध आढ्यासारखा उंचवटा उठू लागला, तर तो व्यायाम तूर्त जड आहे असे जाणून सोप्याकडे वळावे. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने डॉक्टरांच्या संमतीनेच आरंभ करावा.

डोके-खांदे उचलण्याच्या व्यायामाने फट वाढते अशी भीती असते. नॉर्वेतच झालेला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर काही महिने उलटलेल्या स्त्रियांनी असे व्यायाम बारा आठवडे केले. फट रुंदावली नाही, तशी ती अरुंदही झाली नाही. पोटाचे बळ मात्र वाढले. तेव्हा बोटांनी अंतर मोजत बसण्यापेक्षा उठणे, बसणे, उचलणे किती सुलभ झाले, याकडे लक्ष द्यावे हे बरे.

दिनक्रमातील सवयीही महत्त्वाच्या आहेत. अंथरुणातून सरळ उठू नये. कुशीवर वळून हाताचा टेका घेऊन उठावे. बाळाला उचलताना श्वास सोडावा. शौचास कुंथावे लागू नये म्हणून पाणी, पालेभाज्या व फळे भरपूर घ्यावीत. पाण्याची बादली, धान्याचा डबा, ओल्या कपड्यांची पाटी ही ओझी पहिले काही आठवडे घरातील इतरांनी उचलावीत.

बेंबीजवळ गाठ दिसल्यास डॉक्टरांना दाखवावी. ती दुखू लागली, कठीण झाली, आत जाईना किंवा ओकाऱ्या सुरू झाल्या, तर क्षणाचाही विलंब करू नये. वर्ष उलटूनही पोटात बळ येत नसेल, तर व्यायामोपचार जाणणाऱ्या तज्ज्ञाची भेट घ्यावी. शस्त्रक्रियेचा विचार मोजक्याच जणींना करावा लागतो, आणि तोही पुढे मूल नको असे ठरल्यावरच करणे इष्ट. नऊ महिने ताणलेले पोट चाळीस दिवसांत पूर्ववत व्हावे ही अपेक्षा घराने सोडली, तर आईच्या मनावरचे निम्मे ओझे तेथेच उतरेल.