बेने इस्राएलांची दफनभूमी आणि आधीची तयारी

ज्यू परंपरेत दहन निषिद्ध आहे, म्हणून कोकणात आणि मुंबईत बेने इस्राएल या ज्यू समाजाने स्वतंत्र दफनभूमी राखल्या. अलिबागजवळच्या नवगावला त्यांच्या लेखी विशेष मान आहे. जहाज फुटून बुडालेल्या पूर्वजांना तिथेच पुरले, अशी समाजाची श्रद्धा आहे.

दफन शक्यतो लवकर होते, मात्र शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, होत नाही. त्यामुळे जागेचा विचार आधीच झालेला बरा. जोडीदाराशेजारी जागा हवी असेल तर दफनभूमी सांभाळणाऱ्या विश्वस्तांशी वेळेत बोलावे. राखीव जागेचे नियम सगळीकडे सारखे नसतात.

मृतदेहाला विधिपूर्वक स्नान घालून साधे पांढरे कफन नेसवतात. त्याला खिसा नसतो आणि गरीब-श्रीमंतांना ते सारखेच असते. या परंपरेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट. नंतर कद्दिश ही प्रार्थना म्हटली जाते, घरी सात दिवस सुतक पाळतात.

वडिलांच्या नावासह हिब्रू नाव घरात लिहून ठेवणे फार गरजेचे. प्रार्थनेत ते लागतेच, शिवाय दगडावरही कोरले जाते. कोकणातल्या जुन्या थडग्यांवर हिब्रूखाली मराठी मजकूर आढळतो आणि पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आलेली आडनावे वाचता येतात.