रेखांश आणि सरहद्द

शाळेतील नकाशावर उभ्या आणि आडव्या रेघा असतात. परीक्षा संपली की त्यांच्याशी आपला संबंध संपला, असे पुष्कळांना वाटते. आमचे शिक्षण बव्हंशी वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेथे आम्हांला असे कळून आले की, या रेघांचा मजुराच्या मजुरीशीही संबंध येतो. तो कसा, हे समजावून घेऊ.

नागपुरी संत्रे सोलून हातात घ्यावे. दोन फोडींमधली प्रत्येक रेघ देठापासून निघते आणि खालच्या टोकाला जाऊन मिळते. पृथ्वीवरील रेखावृत्ते अशीच एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत जातात. आता प्रश्न असा की, पहिली फोड कोणती मानायची? विषुववृत्त निसर्गाने नेमून दिले आहे, परंतु शून्य रेखावृत्त माणसांनी बैठक घेऊन ठरविले. आपल्या जुन्या ज्योतिषांनी तो मान उज्जयिनीला दिला होता; १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेने तो इंग्लंडातील ग्रिनिचला दिला. म्हणजे रेखांशाच्या मुळाशीच एक करार आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

रेखांश मोजावयाचा तो घड्याळाने. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटे. गोंदिया शहर सुमारे ८० अंश १२ कलांवर आहे. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेवरून ठरते. म्हणून आपल्या घड्याळात बारा वाजल्यावर सूर्य माथ्यावर यायला येथे सरासरीने ९ मिनिटे, तर मुंबईत ३९ मिनिटे लागतात. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाण वेळ लागू झाली. त्यापूर्वी आपल्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेने धावत, आणि मद्रास व गोंदिया जवळजवळ एकाच रेखांशावर असल्यामुळे स्टेशनातले घड्याळ आणि गोंदियाचा सूर्य यांत काही सेकंदांचाच फरक असे. मुंबईत मात्र नव्या वेळेने कामावर हजर राहायचे म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी उठायचे. तेथील गिरणी कामगारांनी त्याच महिन्यात त्याविरुद्ध आवाज उठविला. भोंगा कोणत्या रेघेवरून वाजतो, हा प्रश्न कामगारांना तेव्हापासून ठाऊक आहे.

आता सरहद्दीकडे वळू. १४९४ साली स्पेन आणि पोर्तुगाल यांनी तोर्देसिल्यास येथे तह केला. केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगांवर एक उभी रेघ कल्पून त्यांनी नवे जग आपसांत वाटून घेतले. समुद्रावर रेखांश अचूक मोजण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते. तरी वाटणी झाली, आणि ज्यांची भूमी वाटली गेली त्यांना कोणी विचारले नाही. पूर्वेच्या वाटेवर आपला हक्क आहे असे मानणारे हेच पोर्तुगीज १५१० साली गोव्यात शिरले आणि १९६१ पर्यंत हटले नाहीत.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. तेथील साउथ ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया या प्रांतांची सीमा १४१ अंश पूर्व अशी कागदावर होती. १८४७ पासून मोजणीदारांनी ती जमिनीवर आखली, पण मागाहून कळले की रेघ सुमारे साडेतीन किलोमीटर पश्चिमेला सरकली आहे. आपल्या अक्षांशावर वेळेत एका सेकंदाची चूक झाली तर जमिनीवर चारशेहून अधिक मीटरांची चूक होते, हे पाहिले म्हणजे त्या मोजणीदारांना दोष देववत नाही. तंटा चालत राहिला, आणि १९१४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की जमिनीवर आखलेली रेघच खरी. आकाशातल्या हिशेबापेक्षा जमिनीवरची खूण वरचढ ठरली.

आपल्या जिल्ह्याची सरहद्द कोणत्याही रेखांशाने ठरलेली नाही. ८० अंशांचे रेखावृत्त तिरोडा आणि गोंदिया यांच्या मधून जाते, परंतु तेथे ना नाका आहे ना पाटी. उत्तरेस बालाघाटच्या बाजूला काही अंतर वैनगंगा आणि बाघ या नद्या सीमा झाल्या आहेत. पूर्वेस जुन्या जिल्ह्यांच्या व जमीनदाऱ्यांच्या हद्दी कामी आल्या. ती सीमा राज्याची झाली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्यपुनर्रचनेत मुख्यतः अख्खा जिल्हा हा घटक धरला गेला. भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पोवारी मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर बोलत राहिले.

आमच्या वडिलांच्या पिढीने घर न बदलता मध्य प्रदेश, द्विभाषिक मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र अशी तीन राज्ये पाहिली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी पूर्वेचा शेजारी मध्य प्रदेशाऐवजी छत्तीसगड झाला. या साऱ्या काळात देवरीचा वा सालेकशाचा रेखांश केसभरही हलला नाही. रेखांश हा साक्षीदार आहे. तो जागा सांगतो, मालक सांगत नाही.

या साक्षीची किंमतही जाणली पाहिजे. ७८ अंशांच्या रेखावृत्ताच्या अनुरोधाने हिंदुस्थानची मोजणी करीत आलेला विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली आपल्याच विदर्भात, हिंगणघाट येथे वारला. त्याचे नाव इतिहासात राहिले. सुमारे अर्ध्या टनाचे ते मोजणीयंत्र रानावनांतून वाहून नेणाऱ्या मजुरांची नावे मात्र सामान्य वाचकाला ठाऊक नाहीत.

आजही रेघेचा भार तोच वर्ग वाहतो. किमान वेतनाचे दर राज्य सरकारे ठरवितात. त्यामुळे हजार विड्या वळण्याची किंवा तेंदूपत्ता तोडण्याची मजुरी नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी असू शकते. पान तेच, बोटे तशीच. नदीपलीकडून येथल्या राईस मिलमध्ये येणाऱ्या मजुराला कोणता दर लागू, तर जेथे काम चालते त्या राज्याचा, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. नाहीतर त्याच्या अज्ञानाचा फायदा मुकादम घेतो.

तेव्हा नकाशा पाहताना दोन प्रश्न विचारावेत. ही रेघ मोजली कशी? आणि ती ठरविताना बैठकीला कोण होते? पहिल्याचे उत्तर गणिताने मिळते. दुसऱ्याचे उत्तर नागरिकांनी मागावे लागते. आणि पुढची रेघ आखली जाईल तेव्हा त्या बैठकीत आपणही असावे, एवढ्यासाठी पहिले उत्तर शिकून ठेवावयाचे.