सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणून

१ जानेवारी २०१०. नववर्षाच्या शुभेच्छांचे ईमेल जगभर धावत होते आणि त्यांतले काही निष्कारण स्पॅममध्ये जाऊन पडत होते. पत्रांत वावगं काहीच नव्हतं. स्पॅमअसॅसिन या मेल सर्व्हरवरच्या लोकप्रिय चाळणीत एक जुना नियम होता: पत्रावरची तारीख फार पुढची दिसली, तर संशय घ्यायचा. ‘फार पुढची’ म्हणजे २०१० पासून २०९९ पर्यंतचं कोणतंही वर्ष. नियम लिहिला तेव्हा २०१० लांब होतं. ते उजाडलं आणि त्या दिवशीचं प्रत्येक पत्र संशयित ठरलं.

तरीही सगळीच पत्रं अडकली नाहीत, याचं कारण या चाळणीच्या रचनेत आहे. जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये आणलेलं स्पॅमअसॅसिन एका पुराव्यावर कुणाला दोषी धरत नाही. विषयाची ओळ सगळी कॅपिटल अक्षरांत, इतके गुण; लिंकमध्ये नावाऐवजी नुसते आकडे, आणखी काही गुण; भरवशाची खूण दिसली, तर गुण वजा. बेरीज पाचावर गेली की पत्र स्पॅम. तारखेच्या त्या नियमाला मांडणीनुसार साधारण दोन ते साडेतीन गुण होते. एरवी दोन गुणांवर सहज सुटणारं एखादं साधं कोटेशन त्या दिवशी पाचाची रेघ ओलांडून गेलं असेल.

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाची खरी कसोटी इथे लागते. स्पॅम अडवणं तुलनेने सोपं. सुक्याबरोबर ओलं जळू न देणं अवघड. शंभर जाहिराती आत आल्या, तर वाचणारा त्या पुसून टाकतो. मुलाखतीचं एक बोलावणं हरवलं, तर ते हरवल्याचंही त्याला कळत नाही.

म्हणून तपासणी टप्प्याटप्प्याने लावतात, स्वस्त ती आधी. पत्र आत घेण्यापूर्वीच पोस्टफिक्ससारखा सर्व्हर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीशी ताडून बघतो. यादीत सापडला, तर तिथूनच परत. काही ठिकाणी ‘ग्रेलिस्टिंग’ असतं: अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने पुन्हा या’ असं सांगायचं. खरा सर्व्हर परत येतो, घाईतला स्पॅमवाला बहुधा येत नाही. पण याच उपायाने बँकेचा ओटीपी उशिरा पोचतो आणि तोवर त्याची मुदत संपलेली असते. लावण्याआधी याचा विचार हवा.

व्हायरसची तपासणी वेगळी. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ प्रेमपत्राच्या रूपात आला. जोडलेल्या फाइलच्या नावात ‘टीएक्सटी’ दिसत होतं. त्यामागचं ‘व्हीबीएस’ हे खरं शेपूट विंडोज लपवत असे. लोकांनी साधा मजकूर समजून क्लिक केलं आणि आतला प्रोग्राम चालू झाला. म्हणून आज अशा फाइली प्रकार पाहूनच अडवतात आणि बाकीच्या क्लॅमएव्हीसारख्या स्कॅनरकडे देतात. त्याच्याकडे ज्ञात व्हायरसांच्या खुणांची यादी असते. ती अद्ययावत करणारा ‘फ्रेशक्लॅम’ बंद पडला, तर पहारेकरी जुन्याच गुन्हेगारांचे फोटो घेऊन उभा राहतो. आठवड्यातून एकदा त्याचा लॉग उघडून पाहायलाच हवा.

बसवताना हमखास होणारी एक चूक सांगण्याजोगी आहे. पोस्टफिक्स पत्र अमाविस या मध्यस्थाकडे साधारणपणे १००२४ क्रमांकाच्या पोर्टवर देतो. अमाविस स्कॅनर आणि स्पॅमअसॅसिन दोघांकडून ते तपासून १००२५ वर परत करतो. या परतीच्या दारावर तपासणी बंद करायला विसरलं, तर तेच पत्र पुन्हा तपासायला जातं, पुन्हा परत येतं आणि असं फिरतच राहतं. त्यामुळे सर्व्हर खुला करण्याआधी चाचणी घ्यावी. त्यासाठी आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे, जिला अँटीव्हायरस ठरवून व्हायरस म्हणतात. जीट्यूब या मजकुराला स्पॅमअसॅसिन एकदम हजार गुण देतो. दोन्ही पकडले गेले आणि साधं पत्र सुखरूप पोचलं, तर मांडणी जमली.

पकडलेल्या पत्राचं काय करायचं? आत घेऊन मग ‘नाकारलं’ असं उत्तर धाडणं सर्वांत वाईट, कारण स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेकदा खोटा असतो आणि उत्तर भलत्याच्याच माथी जातं. गुपचूप फेकून देणं व्हायरसपुरतं ठीक. उरलेल्यांना दारातच नकार द्यावा. मग चुकून अडलेल्या खऱ्या माणसाला त्याचाच सर्व्हर तसं कळवतो. धड इकडचं ना तिकडचं वाटणारं पत्र स्पॅमच्या फोल्डरमध्ये, जिथून ते बाहेर काढता येतं.

चाळणीला शिकवावंही लागतं. स्पॅमअसॅसिनचा बेझ भाग किमान २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रं पाहिल्याशिवाय मत देत नाही. ही चांगली पत्रं नुसती इंग्रजी असली, तर मराठी पत्रातले शब्द त्याला अनोळखीच राहतात. भाषा ओळखणारं टेक्स्टकॅट हे प्लगइनही त्यात आहे. चालू केल्यावर ते मुळात सगळ्याच भाषा चालवून घेतं, पण कुणी मान्य भाषांच्या ओळीत फक्त ‘ईएन’ लिहिलं, तर मराठी म्हणून ओळखलेल्या पत्राला केवळ भाषेपायी गुण चढतात. टेक्स्टकॅटला मराठी माहीत आहे. त्या ओळीत ‘एमआर’ ही खूण भरायला अर्धं मिनिटही लागत नाही.