चौदा शीट, एक नाव

विदर्भात ‘लेआउट’ म्हटलं की शेतात पाडलेले प्लॉट आठवतात. ऑटोकॅडमधला लेआउट म्हणजे कागद. घर मॉडेलमध्ये एकदा काढायचं आणि लेआउटच्या चौकटीतून हव्या त्या स्केलला दाखवायचं. पुसदमध्ये नकाशे काढणाऱ्याची दोन्ही लेआउटशी रोज गाठ पडते.

एका दुमजली घराचा चौदा शीटचा संच मी पूर्ण केला होता. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक: मालकाचं नाव, मौजा पुसद, सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, तारीख. संध्याकाळी मालक आले. ‘‘भाऊ, खरेदीखतात आईचंही नाव आहे, ते राहिलं.’’ मी एकेक शीट उघडून नाव बदललं. तेरा ठिकाणी बदललं, फुटिंगच्या शीटवर जुनंच राहिलं. फाइल परत आली आणि त्यांचं काम आठ दिवस लांबलं. चूक माझी होती. तेव्हापासून या कोपऱ्यातल्या मजकुराकडे मी किरकोळ काम म्हणून पाहत नाही.

मग ‘फाइंड’ वापरून पाहिलं. ही कमांड सगळ्या लेआउटमधला मजकूर एका दमात शोधते आणि बदलते, पण टाइप केलेलं असेल तेवढंच तिला सापडतं. माझ्याच फायलीत कुठे ‘सर्व्हे नं.’, कुठे ‘स. नं.’, तर कुठे ‘सर्व्हे क्र.’ होतं. जुन्या फायलींत तर वेगळीच अडचण. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण फॉन्ट युनिकोडपूर्व काळातला असल्याने आत रोमन अक्षरंच असतात. युनिकोडमध्ये नाव टाकून शोधलं की एकही जागा सापडत नाही.

खरा उपाय ऑटोकॅडमध्ये 2005 च्या आवृत्तीपासून आहे: फील्ड. टायटल ब्लॉकमधल्या ॲट्रिब्यूटमध्ये नाव टाइप करायचं नाही; तिथे फील्ड बसवून ते ड्रॉइंगच्या प्रॉपर्टीजशी जोडायचं. नाव फक्त प्रॉपर्टीजच्या खिडकीत लिहायचं. फील्डमागे राखाडी पट्टी दिसते, ती छापली जात नाही. नाव बदलून ‘रीजेन’ दिलं की चौदाही कोपऱ्यांत नवं नाव येतं. मालकांच्या आईचं नाव मी असंच पुन्हा घातलं. शीट क्रमांक प्रत्येक कागदावर वेगळा, म्हणून तो शीट सेट मॅनेजरमधून घ्यावा. आधी काढलेली पीडीएफ मात्र बदलत नाही. ती नव्यानेच काढावी लागते.

ट्रेसिंग पेपरच्या काळात जुने ड्राफ्ट्समन एक अक्षर बदलायला ब्लेडने शाई खरवडत. कागद फाटू नये म्हणून त्यांचा हात किती हलका चाले! तीच काळजी आता फाइल बांधताना घ्यावी लागते.

पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा आणखी कुठून शिकून या कामात येणाऱ्या मुलामुलींना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. घाईत टायटल ब्लॉक ‘एक्सप्लोड’ करू नका. त्याने भरलेली नावं जातात आणि कोपऱ्यात नुसते टॅग उरतात. दुसऱ्याची फाइल हाती आली की आधी टायटल ब्लॉकवर डबल क्लिक करा. ॲट्रिब्यूटची खिडकी उघडली, तर नाव तिथे टाइप करण्याआधी ते कुठून येतं हे शोधा आणि तिथेच बदला.